कमी पाण्याच्या टॉप लोड मशीनमध्ये कपडे नीट का निघत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. वाघोलीच्या एका ताईंनी सहा महिन्यांपूर्वी सेमी ऑटोमॅटिक काढून टाकलं आणि ८ किलोचं फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड घेतलं. पाणी आणि वीज कमी लागते, असं दुकानात सांगितलं होतं. आता काळ्या कुर्त्यांवर पांढरे पट्टे येतात, कॉलरी तशाच मळकट राहतात, टॉवेल वाळले की पापडासारखे कडक होतात आणि झाकण उघडलं की कुबट वास येतो. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘मशीन ओके आहे’ म्हणाला आणि सही घेऊन गेला. यात मशीनचा दोष आहे की वापरण्याचा, असं त्यांनी विचारलंय. शिवाय, यात गोधडी टाकता येते का?

ताई, मी २२ वर्षं पुणे आणि आसपास मशीनं दुरुस्त करतोय. सुरुवातीला एका सर्व्हिस सेंटरमध्ये होतो, आता स्वतःचं काम आहे. तुमच्यासारखी तक्रार महिन्यातून आठ-दहा वेळा तरी येते. त्यातल्या बहुतेक घरी मी एकही पार्ट बदलत नाही. तो माणूस खोटं बोलला नसावा, पण त्यानं पाच मिनिटं थांबून समजावून सांगायला हवं होतं.

कपडे धुणं म्हणजे दोन कामं. आधी मळ सोडवायचा, मग सुटलेला मळ आणि साबण पाण्याबरोबर घालवायचा. सेमीमध्ये दुसरं काम तुम्ही स्वतः करत होतात. टब काठोकाठ भरायचा, नळ चालू ठेवायचा, फेस जाईपर्यंत खळबळायचं आणि पाणी नितळ दिसलं की थांबायचं. किती पाणी पुरे, हे तुमचे डोळे ठरवत होते. नवीन मशीन ते स्वतः ठरवतं, आणि त्याला पाणी वाचवायला शिकवलेलं आहे. मळ ते बऱ्यापैकी सोडवतं, पण खळबळण्यात हात आखडतं. तुमच्या चार तक्रारींपैकी पट्टे आणि कडक टॉवेल या दोन तरी बऱ्याच अंशी खळबळ अपुरी पडल्याच्या आहेत, असा माझा अंदाज आहे. वासाचं आणि कॉलरीचं कारण वेगळं असू शकतं, त्यावर पुढे येतो.

आता मशीन पाणी कसं ठरवतं ते बघा. स्टार्ट दाबल्यावर पाणी यायच्या आधी खालची चकती, म्हणजे पल्सेटर, कोरड्या कपड्यांत दोन-चार झटके मारते. मोटरला किती जोर लागला त्यावरून वजनाचा अंदाज येतो आणि पाण्याची पातळी ठरते. म्हणजे कपडे कोरडे टाकायचे, सगळे एकदम टाकायचे आणि मगच बटण दाबायचं. पाणी भरल्यावर ‘अगं, हे दोन टॉवेल राहिलेच’ म्हणून वरून टाकले, तर पाणी आधीच्या हिशोबाचं आणि कपडे नंतरच्या हिशोबाचे. उलट बादलीत भिजवलेले ओले कपडे टाकले, तर मशीन फसतं आणि जास्त पाणी घेतं. काही जण हे मुद्दाम करतात. पण तुमच्या पॅनलवर वॉटर लेव्हलचं बटण असेल तर ही चलाखी कशाला? लेव्हल एक-दोन पायऱ्या वर घ्या आणि मोकळे व्हा.

मात्र काठोकाठ भरू नका. सेमीच्या सवयीनं बरेच जण इथे चुकतात. या मशीनमध्ये मधला उंच खांब नसतो. पल्सेटर तळाच्या कपड्यांना ओढतो, ते वरच्यांना घासतात आणि कापडावर कापड घासून मळ निघतो. पाणी फार झालं की कपडे नुसते पोहतात. पाणी फार कमी असलं तर वरचा थर कोरडा गोळा होऊन बसतो. नेमकं किती, हे तुमच्याच मशीनमध्ये बघायचं असेल तर एक सोपी युक्ती सांगतो. रंग न जाणारा, ठळक रंगाचा एक रुमाल सगळ्यांच्या वर ठेवा आणि काचेच्या झाकणातून बघत राहा. दोन-तीन मिनिटांत तो आत जाऊन परत वर यायला हवा, उकळत्या आमटीतली शेंग कशी खाली जाते आणि वर येते तसा. पाच मिनिटं तिथेच गोल फिरत राहिला तर कपडे जास्त झालेत किंवा पाणी कमी पडतंय.

कपडे जास्त होतात, हे तर मी जवळजवळ प्रत्येक घरी बघतो. ८ किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन, आणि तेही सुती कपडे नेहमीच्या प्रोग्रामवर असतील तर. नाजूक किंवा सिंथेटिक प्रोग्रामला बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास धरायचं. पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. मी बॅगेत बॅग मोजायचा काटा ठेवतो. जीन्स साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरते, अंघोळीचा जाड टॉवेल ४०० ते ५००, शर्ट २०० च्या आसपास, डबलबेडची सुती चादर पाऊण किलोपर्यंत. हिशोब केला तर चौघांच्या घरचे रोजचे कपडे ८ किलोच्या जवळपासही जात नाहीत. पण रविवारी सगळ्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल एकदम कोंबले की जातात. टब पाऊण भरला की थांबा, आणि चादर पल्सेटरभोवती गुंडाळून टाकू नका, मोकळी सोडा. चादरीच्या पोटात मोजे आणि रुमाल अडकून बसतात, ते न धुतलेलेच निघतात.

आता पांढरे पट्टे. यावर जरा थांबतो, कारण लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात आणि मग चुकीचा उपाय करतात.

पट्टा दिसला की ओलं बोट त्यावर घासा. बुळबुळीत लागलं आणि किंचित फेस आला तर ती न विरघळलेली पावडर आहे. बोटानं जात नाही पण लिंबाचा थेंब चोळल्यावर जातो, तर तो पाण्यातला क्षार, म्हणजे चुन्यासारखी पुटं. लिंबू आधी आतल्या शिवणीवर लावून बघा, काही काळे रंग त्यानं उडतात. आणि चिकटपट्टी लावून ओढल्यावर पांढरं तिला चिकटून आलं, तर ते टॉवेलचे तंतू आहेत. त्यात साबणाचा काही संबंध नाही. काळे कपडे टॉवेलबरोबर टाकू नका आणि टबातली जाळीची पिशवी प्रत्येक वेळी उलटी करून धुवा. ती फाटली असेल तर नवीन आणा, स्वस्तात मिळते.

पावडर असेल तर कारणं बहुधा दोन. थंडीत पुण्याचं टाकीचं पाणी चांगलंच गार असतं आणि बहुतेक टॉप लोडना हीटर नसतो, त्यामुळे पावडर विरघळत नाही. एक तांब्या गरम पाण्यात ती आधी ढवळून घ्या, किंवा लिक्विड वापरा. दुसरं कारण पाण्याचा जोर. टाकी नळापासून जेवढे मीटर उंच, त्या प्रत्येक मीटरला साधारण ०.१ बार दाब मिळतो. म्हणून गच्चीच्या टाकीखाली लगेच जो मजला असतो त्याला धार सगळ्यात बारीक. धार बारीक असली की कप्प्यातली पावडर वाहून न जाता तिथेच थापीसारखी बसते आणि शेवटच्या पाण्यात थोडी थोडी सुटते. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर कप्पा काढून बघा. नसाल तर इनलेट पाइप मशीनच्या बाजूनं सोडवा, आत छोटी जाळी दिसेल. टँकरचा गाळ तिथे अडकतो. जुन्या टूथब्रशनं घासली की धार सुधारते. नळ मात्र आधी बंद करा, सांगायला नको, पण भिजलेली माणसं पाहिली आहेत.

क्षार असेल तर गोष्ट लांबते. शाळेत सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतं. एका बाटलीत तुमचं बोअरचं आणि दुसऱ्या बाटलीत आरओचं पाणी तिसरा हिस्सा घ्या. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचे सारखेच दोन-तीन कीस टाका, पावडर नको, आणि जोरात हलवा. आरओच्या बाटलीत फेस वर चढेल. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि दह्यासारखा चोथा दिसला, तर पाणी जड आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चाललं म्हणजे धुण्याला चाललं असं नाही. पाणी बरंच जड असेल, तर डिटर्जंटचा मोठा भाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशीच झुंजण्यात संपतो, मळापर्यंत पोचतच नाही.

टीडीएसच्या पेनवर विसंबू नका. तो पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतो, कठीणपणा वेगळा सांगत नाही. मिठावर चालणारा सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, म्हणून सॉफ्टनर लावल्यावरही पेनवर आकडा जवळपास तोच दिसतो आणि लोक म्हणतात फसवलं. सोसायटीत सॉफ्टनर प्लँट आहे असं कमिटी सांगत असेल, तर एवढंच विचारा की मीठ शेवटचं कधी टाकलं. मी स्वतः अशा जागी गेलोय जिथे प्लँट सुरू होता, मोटर फिरत होती आणि मिठाच्या टाकीत कोळ्यांनी जाळी केली होती.

जड पाण्यात ‘पावडर कमी घाला’ हा सल्ला सरसकट लागू पडत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण सगळीकडे तेच लिहिलेलं असतं. मऊ पाण्यात, कॉर्पोरेशनच्या नळाच्या पाण्यात, तो बरोबर आहे. तिथे मी पुड्यावरच्या मापाच्या दोन तृतीयांशापासून सुरुवात करायला सांगतो. जड पाण्यात पावडर कमी केली तर सुटलेला मळ परत कापडावर बसतो आणि पांढरे कपडे करडे पडतात. तिथे माप पुड्यावरचंच ठेवा, कपडे कमी टाका आणि खळबळ वाढवा. सॉफ्टनर घेणं शक्य असेल तर मशीनच्या इनलेटवर छोटा मिठाचा घ्या, फरक महिन्याभरात टॉवेल सांगतील. मीठ मात्र वेळच्या वेळी भरावं लागतं. पाइपाला चुंबक बांधायचे जे तुकडे विकतात, त्यांनी कपड्यांत काही फरक पडलेला मी अजून पाहिला नाही.

पावडर कोणती, हे मात्र नक्की तपासा. हातानं धुण्याच्या पावडरीला भरपूर फेस यावा अशीच ती बनवलेली असते, कारण फेस दिसला की आपल्याला धुतल्यासारखं वाटतं. कमी पाण्याच्या मशीनमध्ये तो फेस कपड्यांच्या मध्ये गादीसारखा बसतो, घासणंच होऊ देत नाही आणि खळबळताना जात नाही. मशीनसाठीची पावडर किंवा लिक्विडच घ्या. फ्रंट लोडचं लिक्विड टॉप लोडमध्ये चालतं, फेस उलट कमीच होतो. ढवळून झाल्यावर वरून दिसणाऱ्या पाण्यावर फेसाचा पातळ थर असला तर ठीक. पाणीच दिसत नसेल तर फेस जास्त आहे. डिस्प्लेवर ९ मिनिटं दाखवून परत २० होतात ना, त्यामागे एक तर हाच फेस असतो किंवा कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात. मशीन परत पाणी घेऊन ते पसरवायला बघतं.

खळबळ पुरेशी होते का, हे तपासायचं तर धुऊन पिळलेला एक टॉवेल स्वच्छ बादलीत कोमट पाण्यात बुडवा आणि हातानं पाच-सहा वेळा दाबा. पाणी दुधाळ झालं, फेस आला किंवा बुळबुळीत लागलं, तर जुना साबण कापडात साठलेला आहे. मी ग्राहकाच्या घरी हे त्यांच्यासमोर करतो. एका आजींनी बादलीतलं पाणी बघून सुनेला हाक मारली होती, “बघ गं, धुतलेल्या टॉवेलातून अजून एक धुणं निघतंय!” असं दिसलं तर सगळे टॉवेल एकदा पावडर न घालता नुसत्या पाण्यात फिरवा, शक्य असेल तर कोमट पाण्यात. गीझरचं पाणी घालायचं असेल तर मशीननं आपलं पाणी भरून घेतल्यावर पॉज करून अर्धी बादली घाला. आधीच घातलं तर मशीन तेही मोजतं आणि तेवढं कमी भरतं. उकळतं पाणी नको, आत प्लास्टिक आणि रबर आहे.

यापुढे जादा रिन्सचा, म्हणजे एक खळबळ जास्त करण्याचा, पर्याय कायम सुरू ठेवा. त्याला साधारण दोन-तीन बादल्या पाणी जास्त लागेल. टँकरच्या पाण्यात ते जिवावर येतं, कळतं मला, पण दोनदा धुण्यापेक्षा ते परवडतं. शेवटचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, फरशीला आणि संडासात वापरा. फक्त ते साठवताना एक गोष्ट सांभाळा, आणि इथेच वासाचा विषय येतो.

हडपसरला एका घरी वासाची तक्रार होती. त्याआधी कोणीतरी त्यांच्याकडून दोनदा टब क्लीनचे पैसे घेऊन गेलं होतं. मी गेलो तेव्हा ड्रेनचा पाइप कमरेएवढ्या निळ्या ड्रममध्ये सोडलेला. पाणी वाचवतो, मामांनी अभिमानानं सांगितलं. त्यांच्या मशीनला पाणी बाहेर ढकलणारा पंप नव्हता. पुष्कळ टॉप लोडमध्ये तो नसतो; खालची झडप उघडते आणि पाणी उतारानं आपोआप जातं. पाइपाचं तोंड वर उचललं की टबाच्या तळातलं पाणी बाहेर जातच नाही. प्रत्येक धुण्याचं काळं पाणी खाली राहत होतं आणि त्यातच पुढचं धुणं. पाइप जमिनीवर टाकला, तर आधी चिखलासारखं काहीतरी आलं, मग पाच मिनिटं वाहत राहिलं. मामी नाकाला पदर लावून बाहेर गेल्या. तुमच्याकडे ड्रम नसेल, पण बाथरूमचा उंबरठा बघा. पाइप त्यावरून जात असेल आणि उंबरठा दोन इंचांहून उंच असेल, तर पाणी अडत असण्याची शक्यता आहे. तुमच्या मॉडेलला किती उंची चालते ते पुस्तिकेत दिलेलं असतं. पाणी साठवायचंच तर पसरट घमेल्यात साठवा. पंप असलेल्या मशीनचं गणित उलटं, त्यात पाइप ठरावीक उंचीवर बांधावाच लागतो.

पाइप ठीक असूनही वास येत असेल तर तो दिसणाऱ्या टबाच्या बाहेरच्या अंगाला साठलेल्या थराचा असतो. साबण, अंगाचं तेल, कपड्यांना घालायच्या सॉफ्टनरचा मेणचटपणा आणि क्षार मिळून तिथे शेवाळासारखं जमतं. महिन्यातून एकदा रिकामं टब क्लीन चालवा, जड पाण्याला दर दुसऱ्या वेळी क्षार काढणारी डीस्केलिंग पावडर किंवा लिंबूसत घालून. ब्लीच आणि लिंबूसत किंवा व्हिनेगर कधीही एकत्र घालू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. धुणं संपल्यावर झाकण तासभर उघडं ठेवा. घरात लहान मूल असेल तर समोर बसून तेवढाच वेळ ठेवा आणि मग बंद करा. कपड्यांचं सॉफ्टनर टॉवेलना अजिबात घालू नका. ते कापडावर थर देतं, टॉवेल मऊ लागतो पण पाणी शोषत नाही. टॉवेल कडक होण्याचं कारण क्षार आणि उरलेला साबण, त्यावर अजून एक थर कशाला? वाळत घालण्याआधी जोरात झटका, ते जास्त उपयोगी आहे.

कॉलर मात्र मशीनवर सोडू नका. कोणत्याही मशीनवर. तिथे घाम आणि त्वचेचं तेल दाबून बसलेलं असतं आणि घडीत कापडावर कापड नीट घासलं जात नाही. वडीचा साबण ओल्या कॉलरीवर फिरवा, ब्रश मारा, १५ मिनिटं ठेवा, मग टाका. फोडणीच्या तेलाच्या डागाला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, त्याला घाबरू नका. हळदीचा रंग अल्कलीत तसाच वागतो. धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत बराच उडतो. हे आमच्या आईला कोणत्याही पुस्तिकेशिवाय माहीत होतं.

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त पाइप, जाळी आणि पट्ट्याची बोट-चाचणी. दुसऱ्या आठवड्यात पावडर बदला आणि जादा रिन्स लावा. त्यानंतरही टॉवेलची बादली दुधाळ होत असेल, तर पाण्याचा कठीणपणा प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि मगच सॉफ्टनरवर खर्च करा. मशीन परत द्यायचा विचार त्याच्या नंतर. हे सगळं करूनही पल्सेटर कपडे फिरवतच नसेल, किंवा मशीन पाणी भरताना मध्येच थांबत असेल, तर मात्र बिघाड आहे. तेव्हा ‘ओके आहे’वर सही करू नका, त्या माणसाला तुमच्यासमोर एक पूर्ण धुणं चालवायला लावा.

आणि गोधडी. दुपटं किंवा पातळ एकेरी गोधडी असेल तर एकटी टाका, दोन टॉवेल समतोलाला, पाणी सगळ्यात वरच्या पातळीवर. आजीची जुन्या साड्यांच्या पाच-सात थरांची गोधडी मात्र नको. ती एवढं पाणी पिते की स्पिनला एका बाजूला लोंबते आणि टब डबड्यासारखा आपटतो. अशा दणक्यांनी टब ज्या चार दांड्यांवर लटकलेला असतो त्या निखळलेल्या मी पाहिल्या आहेत. शिवाय तिचे धागे जुने असतात, टाके उसवतात. ती गच्चीवर पसरा, पायानं तुडवून धुवा, कठड्यावर टाकून पाणी निथळू द्या आणि हिवाळ्याच्या आधी उन्हं कडक असतात तेव्हाच धुवा. वाळायला दोन दिवस लागतात.